कुसुमताईंच्या केकच्या गावी

सांगलीहून नागपूरला केक खायला जाते म्हटल्यावर आमच्या घरात जी शांतता पसरली, तशी सदतीस वर्षांच्या संसारात मी एकदाच ऐकली होती. तेव्हा मी मोटार शिकते म्हणाले होते. यजमानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "सांगलीत केक मिळत नाही का?"

मिळतो. मीही करते. पण कुसुमताईंचा केक मिळत नाही, आणि कुसुमताई तर मुळीच मिळत नाहीत.

त्या कोण ते आधी सांगते. फोनवर आमचा एक गट आहे, घरी केक, पाव, बिस्किटं भाजणाऱ्या चाळीसेक बायकांचा. पुण्याच्या माधुरीताई तो चालवतात, आणि शाळा चालवल्यासारखा चालवतात. गटात फक्त बायका. पदार्थ स्वतः केलेला हवा. फुलपाखरांचं शुभ सकाळ पाठवलं तर एक दिवस बाहेर. सुरुवातीला सगळं केकपुरतं होतं, पण माणूस केकवर बोलून बोलून किती बोलणार? हळूहळू कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाच्या कुंडीत अंडी घातलेलं कबुतर, असं सगळं त्यात यायला लागलं. सकाळी चहाबरोबर गट उघडला नाही तर मला पेपर न आल्यासारखं वाटतं.

त्यात नागपूरच्या कुसुमताईंचा मान वेगळा. त्यांचा संत्र्याचा केक असा की फोटोतून वास यावा. चार पदरांची वेणी घातलेला त्यांचा पाव बघून मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा वेणीचा अंबाडा झाला. पण आमची मैत्री जमली ती गटाबाहेर, दोघींच्याच संदेशांतून. त्या लिहायच्या मोठं नेटकं. जरा कचेरीच्या वळणाचं, पण मायेचं. फोन करू का विचारलं की उत्तर यायचं, "कानास कमी ऐकू येते, क्षमस्व." त्यामुळं चार वर्षं नुसतं लिहिणं.

मागच्या वर्षी आंघोळ करताना छातीशी गाठ हाताला लागली. अकरा दिवस घरात कुणाला बोलले नाही. सकाळी हात तिथं जायचा, गाठ तिथंच असायची. बाराव्या दिवशी कुसुमताईंना लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं : "उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जावे. आपण न गेल्यास मी स्वतः सांगलीस येऊन आपणास ओढत नेईन." मी गेले. गाठ साधी निघाली. पण नागपूरहून सांगलीला ओढायला येणारी बाई एकदा डोळ्यांनी बघायचीच, हे तेव्हापासून मनात घेतलं होतं. जानेवारीत मिरजेहून गाडीत बसले.

स्टेशन ते मनीषनगर

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. नागपूरला उतरले, आणि फलाटावर उभी राहून कुणाला ओळखावं म्हणून इकडंतिकडं बघत होते, तोच तीन डबे पलीकडून आवाज आला, "अवं शैला! इकडे पाह्य नं!"

ठेंगणी, गोरी, साठीची बाई. जांभळी साडी, हातात पिशवी. येऊन अशी मिठी मारली की माझा चष्मा त्यांच्या केसांत अडकला.

"मले वाटलं गाडी लेट होईन. तं हे म्हणाले, नाही होत. तं आम्ही तासभर आधी येऊन बसलो. भूक लागली असन नं तुले? काहून एवढी वाळली वं?"

मी बघतच राहिले. "आपणास", "क्षमस्व" लिहिणारी बाई हीच? शिवाय बोलण्यात सगळीकडं 'मी येतो, मी जातो'. आमच्याकडं बाई असं बोलली तर लोक मागं वळून बघतील. इथल्या बायका असंच बोलतात हे मला दुपारपर्यंत कळलं. आणि कमी ऐकू येतं म्हणावं तर फलाटाच्या पार टोकाला "संत्राबर्फी" म्हणून ओरडणाऱ्या माणसाला त्यांनी इथून उत्तर दिलं, "नाही लागत, भौ!"

मागं एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. पांढऱ्या मिशा, स्वेटरला वरपासून खालपर्यंत बटणं लावलेली.

"आमचे हे," कुसुमताई म्हणाल्या. 'हे' वाकले, नमस्कार केला आणि माझी बॅग उचलून चालू लागले. रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. वर्धा रोडवरून डोक्यावरच्या मेट्रोच्या सावलीत आम्ही मनीषनगरला पोचलो, तोवर कुसुमताईंनी मला शेजारणीचं भांडण, मुलीची हैदराबादची बदली आणि कोपऱ्यावरच्या शिंप्यानं बिघडवलेलं ब्लाउज, सगळं सांगून टाकलं होतं. केकचा एक शब्द नाही.

जेवायला वडाभात होता. मिश्र डाळींचे वडे भातावर कुस्करायचे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. आमच्याकडं भातावर तूप घेतात तसं इथं तेल घेतात, आणि ते ओतताना कुणाचा हात आखडत नाही. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "वर सांबार टाकू का?"

"नको," मी म्हणाले. "वडाभातावर परत सांबार कशाला? फार पातळ होईल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मग 'हे' आत गेले आणि कोथिंबिरीची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या बाईसुद्धा मला जिन्यात विचारत होत्या, "सांबार पातळ झाला का हो?"

चहाबरोबर तो केक आला. चार वर्षं फोटोत बघितलेला, वर संत्र्याच्या चकत्या काचेसारख्या चकाकणारा. पहिला घास घेतला आणि मी डोळे मिटले. साल, रस, लोणी, सगळं एकमेकांना वाट देत होतं. डोळे उघडून वही काढली.

"कुसुमताई, प्रमाण सांगा."

"प्रमाण काय सांगायचं? जे जे लागते, ते ते टाकायचं."

"मैदा किती?"

"पुरेल इतका."

"भाजायचा किती वेळ?"

"भाजेपर्यंत!"

'हे' खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांचा पेपर किंचित थरथरला, असं मला वाटलं. मी मनाशी म्हणाले, थोर सुगरणींचं असंच असतं. हातात माप असतं, तोंडात नसतं. आणि वही मिटली.

कळमना

दुसऱ्या दिवशी सकाळी संत्री आणायला कळमन्याच्या बाजारात गेलो. मी आजवर संत्री पाटीत बघितली होती. इथं ढिगारे होते, वाळूचे असतात तसे. हमाल, ट्रक, लिलावाची ओरड, आणि सगळ्यावर त्या सालीचा डोळ्यांत शिरणारा वास. एका गाडीवाल्यानं मला ढीग आणि टेम्पो यांच्यामध्ये असं कोंडलं की 'ह्यां'नी छत्रीनं टेम्पोचं दार वाजवून माझी सुटका केली. थंडीत ते छत्री कशाला बाळगतात कोण जाणे.

आम्हाला ढीग नको होता, डझनभर हवी होती. एका ओळखीच्या अडत्याकडं 'हे' उकिडवे बसले आणि एकेक संत्रं उचलून नखानं खाजवून, नाकाशी धरून बाजूला ठेवू लागले. मी कुसुमताईंना विचारलं, "केकला कसलं संत्रं घ्यायचं?"

कुसुमताईंनी 'ह्यां'च्याकडं बघितलं.

"घट्ट सालीचं," ते खाली बघूनच म्हणाले. दोन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं सलग बोलणं. "सैल सालीचं खायले गोड असते, पण किसणीवर धरता येत नाही. आणि किसताना खालचं पांढरं येऊ द्यायचं नाही, केक कडू होते. किस साखरेत चोळून अर्धा तास ठेवायचा, मंग..."

ते थांबले. कान लाल झाले होते.

"म्हणजे, हिनंच सांगितलं होतं एकदा."

"हो, हो, म्याच सांगितलं होतं," कुसुमताई घाईघाईनं म्हणाल्या. "चाला आता, तर्री पोहे खाऊ. शैलेले भूक लागली."

मला लागली नव्हती. पण पोह्यांवर लालभडक चण्याचा रस्सा ओततात हे बघितल्यावर लागली, आणि पहिल्या चमच्यानंतर असा ठसका लागला की संत्र्यांचा विषय तिथंच बुडाला.

गॅलरी

दुपारी जेवणात पाटोडीचा रस्सा झाला. (बेसनाच्या वड्या आणि जाळ. दुसरं वर्णन माझ्याकडं नाही.) हात धुऊन कुसुमताईंनी जाहीर केलं, "आता मी केक करतो. तू आत यायचं नाही. केकले नजर लागते."

त्यांनी एप्रन घातला. तो त्यांच्या घोट्यापर्यंत आला. स्वयंपाकघराचं दार आतून बंद झालं. 'हे' कुठं दिसले नाहीत. झोपले असतील, असं मी धरलं.

मी गॅलरीत बसले. दहा मिनिटांत दार उघडून कुसुमताई स्वतःच दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या, दार पुन्हा लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"झाला?"

"होऊन राहिला."

आम्ही चहा प्यायलो. आत बीटर घुर्रर्र सुरू झाला.

"कुसुमताई, बीटर चाललाय."

"हो."

"तुम्ही तर इथं आहात."

"हो नं." त्यांनी एक घोट घेतला. "मशीन हाय बाई. चालते आपोआप."

बीटर थांबला. अंडं फोडल्याचा टक् आवाज आला. मग दुसरं. बीटर पुन्हा फिरून थांबला, साच्यात काही ओतल्यासारखं वाजलं. आणि मग आतून कुणीतरी शिंकलं. चांगली दणदणीत, मिशांतून आलेली शिंक.

मी कप ठेवला, उठले आणि दार उघडलं. तोच एप्रन घालून 'हे' ओट्याशी उभे होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मिशीला मैदा, हातात रिकामी चाळणी, समोर भरलेला साचा. वहीतल्यासारख्या सरळ ओळीत मांडलेल्या डब्यांवर टाइप केलेल्या चिठ्ठ्या : मैदा, सोडा, वेलची. आमची नजरानजर झाली. त्यांनी चाळणी खाली ठेवली, साचा ओव्हनमध्ये सरकवला, घड्याळ लावलं, आणि मगच मान खाली घातली. त्या क्षणीसुद्धा केक आधी.

आता इथं वाचकांना हसू येईल. मलाही आत्ता लिहिताना येतंय. तेव्हा आलं नाही. तेव्हा मला एकच गोष्ट आठवली. ती गाठ. कुठं आहे, केवढी आहे, हात लावल्यावर कशी लागते, सगळं मी लिहिलं होतं. एका बाईला. आणि समोर पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता.

मी खोलीत गेले आणि बॅग भरायला लागले. मागोमाग कुसुमताई आल्या. काही न बोलता त्यांनी बॅगेचं झाकण लावलं आणि तिच्यावर बसल्या.

"उठा, कुसुमताई."

"नाही उठत. आधी ऐक. केक ह्यांचा हाय, हे खरं. मले चहाबी नीट नाही जमत. पण तुह्याशी चार वर्षं मीच बोलून राहिली."

"मग मला लिहीत कोण होतं?"

"बोलत मी होतो. ह्यांची फक्त बोटं."

झालं होतं असं. मुलगी हैदराबादला गेली तेव्हा ओव्हन मागं ठेवून गेली. नुकतेच रिटायर झालेले 'हे' त्याच्याशी खेळायला लागले. केक जमायला लागला. गट सापडला, पण तिथं फक्त बायका. म्हणून कुसुमताईंच्या नावानं शिरले. कुसुमताईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि लिहायचा कंटाळा. पण बायकांच्या गोष्टी ऐकून त्या अशा रंगल्या की रोज दुपारी 'ह्यां'नी संदेश वाचून दाखवायचे, कुसुमताईंनी उत्तर बोलायचं, ह्यांनी टाइप करायचं.

"म्हणजे माझं सगळं ह्यांनी वाचलं," मी म्हणाले.

'हे' दारात येऊन उभे होते. एप्रनला हात पुसत म्हणाले, "ताई, मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. लोकांची निलंबनं, घरातली भांडणं, सगळं माह्या बोटांखालून गेलं. टंकलेखकानं मजकूर टाइप करायचा असते. वाचायचा नसते. सवय होते त्याची."

"आणि गाठीचं?"

त्यांनी एप्रनची नाडी सोडली, परत बांधली.

"ते वाचल्या गेलं," मग म्हणाले. "त्या दिवशी टाइप करताना माह्या हातून दोनदा चुकलं. दोन ओळींत दोनदा. चुकलं माहं, ताई. सगळंच. तुम्हाले तेव्हाच सांगायले पाहिजे होतं."

राग होता, पण तो टेकायला जागा शोधत होता. मी कुसुमताईंकडं वळले. "खरंच तुम्ही बोलत होता ना? मग सांगा, त्या दिवशी मला काय सांगितलंत?"

कुसुमताईंना क्षणभरही लागला नाही. "मी म्हटलं, अवं बाई, उद्याच्या उद्या डाक्टरकडे जाय. नाही गेली तं मी येतो न् तुह्या झिंज्या धरून नेतो."

मी फोन काढला आणि आलेला संदेश मोठ्यानं वाचला. आपण न गेल्यास. सांगलीस येऊन. आपणास.

"आपणास?" कुसुमताई बॅगेवरून उठल्या. "हे आपणास कोण होय? आणि माह्या झिंज्या कुठी गेल्या?"

"भाषा थोडी नीट केली," 'हे' म्हणाले.

"वाच वं शैले. आणखी वाच."

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. मी वाचत गेले आणि कुसुमताई आपण प्रत्यक्षात काय बोललो होतो ते सांगत गेल्या. माधुरीताईंच्या फ्रूटकेकवर आलं होतं : "केकची बांधणी भक्कम आहे. अभिनंदन." कुसुमताई म्हणाल्या होत्या, "हा केक पाहून मले आमच्या घराची पायरी आठवली." मी सुनेची तक्रार केली होती, ती रात्रीची भांडी भिजत ठेवते म्हणून. उत्तर आलं होतं : "कालांतराने सर्व सुरळीत होईल, असा विश्वास वाटतो." कुसुमताईंचं मूळ उत्तर होतं, "भिजली भांडी तं कोणाचा जीव गेला? तू सून होती तवाचं आठव न् गप राह्य."

"मंग तू माहं ऐकलं काहून नाही वं?" त्यांनी मलाच झापलं. "दोन महिने त्या पोरीशी बोलत नव्हती!"

"कसं ऐकणार? माझ्यापर्यंत आलंच नाही ते!"

खरं सांगायचं तर आलं असतं तर मी कुसुमताईंशीच दोन महिने बोलले नसते. पण ते तेव्हा बोलले नाही. मी पुढचा संदेश वाचला. "कानास कमी ऐकू येते, क्षमस्व."

"मी बहिरी?" कुसुमताईंचा आवाज खालच्या मजल्यावर पोचला असणार. "मी? बहिरी?"

मला हसू फुटलं. आवरेना. पलंगावर बसून मी पोट धरून हसले. कुसुमताई मात्र हसत नव्हत्या. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा बदलला होता.

"एवढं सगळं काहून बदललं तुम्ही?" त्यांनी हळू विचारलं. "तुम्हाले माह्या बोलण्याची लाज वाटते?"

माझं हसू तिथंच विरलं.

"लाज नाही वं," 'हे' म्हणाले. "भेव. मी आफिसात 'मले' म्हटलं की साहेब हासे. सगळ्यांसमोर मले तेच पुन्हा म्हणायले लावे. तिथून मी नीट बोलाले शिकलो, नीट लिहाले शिकलो. गटात सगळ्या पुण्या-मुंबईच्या बाया. तुले कोणी हासू नये, एवढंच होतं मनात."

कुसुमताई पुन्हा बॅगेवर बसल्या. आणि त्याच वेळी आम्हा तिघांच्या नाकांत एकदमच जळका वास शिरला.

स्वयंपाकघरात धूर झाला होता. लावलेलं घड्याळ कधी वाजलं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. 'ह्यां'नी केक बाहेर काढला तो वरून, खालून, चारी बाजूंनी काळा. ते त्याच्याकडं असे बघत राहिले की मला माझा राग आठवेनासा झाला. कुसुमताईंनी सुरी घेतली, काळं कापून टाकलं, मधला मुठीएवढा तुकडा तीन बशांत वाढला.

"खा," त्या आम्हा दोघांना म्हणाल्या. "दोघंबी खा."

सहा वाजता

संध्याकाळी कुसुमताईंनी फोन माझ्या हातात दिला. "ते बोलून पाठवायचं बटन कोणतं होय?"

"नको," 'हे' म्हणाले. "माधुरीताई काढून टाकतीन."

"टाकू देत."

मी बटण दाखवलं. त्या फोन तोंडासमोर धरून, समोर सभा बसल्यासारख्या ताठ बसल्या.

"मी कुसुम बोलून राहिली, नागपूरहून. आजपर्यंत तुम्ही माहा आवाज ऐकला नाही. मी बहिरी नाही. केक मी करत नाही, आमचे हे करतेत. बोलणं माहं होतं, पण ह्यांनी धुऊन, इस्तरी करून पाठवलं. तुमच्या घरच्या गोष्टी ह्यांनी वाचल्या, हे चुकलं. त्याची माफी मागतो. आता काढायचं तं काढा."

मग आम्ही वाट बघत बसलो. वीस मिनिटं काही नाही. चाळीस मिनिटं झाली. मग दोघी जणी गट सोडून गेल्या, एकीमागून एक. त्यातल्या एकीनं मला वेगळं लिहिलं, आमचं घरातलं एका परक्या पुरुषानं वाचलं, तुम्ही त्यांच्याच घरी उतरलात, तुम्हाला काहीच वाटत नाही? मी तिला उत्तर देऊ शकले नाही, कारण दुपारी तीन वाजता मीही बॅग भरत होते. तो संदेश मी 'ह्यां'ना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितला, आणि नंतर बराच वेळ डब्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत बसले.

मग माधुरीताईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"कुसुमताई," त्यांचा तो प्रार्थनेच्या घंटेनंतरचा आवाज, "नियम सगळ्यांना सारखा. हे फार वाईट झालं."

"हो, बाई."

"तुमच्या यजमानांना बायकांच्या गप्पांत जागा नाही. गप्पांसाठी मी उद्या वेगळा गट काढते, तिथं तुम्ही तुमच्या आवाजात यायचं. केकच्या गटात ते येऊ शकतात, पण स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोनवरून. बाकीच्यांना विचारून मग ठरवू."

"चालते, बाई."

पलीकडं माधुरीताईंनी घसा साफ केला. "आणि एक विचारायचं होतं. माझ्या फ्रूटकेकला तुम्ही भक्कम बांधणी म्हणाला होतात. ते तुमचं होतं, की इस्त्रीनंतरचं?"

मी डोळ्यांनी 'नको नको' करत होते. 'ह्यां'नी तर हात जोडले. पण खरं बोलायचं ठरलं होतं.

"मी पायरी म्हटलं होतं, बाई. घराची."

मग माधुरीताईंच्या यजमानांचं हसणं फोनमधून ऐकू आलं, मोठ्यांदा, आणि माधुरीताई त्यांना म्हणाल्या, "गप्प बसा हो," आणि फोन बंद झाला.

शेवटची सकाळ

माझी गाडी दुपारची होती. सकाळी सात वाजता स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. "या, ताई," 'हे' म्हणाले. "वेणी दाखवतो."

पिठाच्या चार वळ्या त्यांनी ओट्यावर अंथरल्या. मग त्यांची बोटं सुरू झाली. एक वरून, एक खालून, मधली ओढून घ्यायची. मी चार वेळा थांबवलं, चार वेळा त्यांनी उलगडून पुन्हा दाखवलं.

"बाबा उमरेडले मागावर बसत," ते सांगत होते. "लुगडे विणत. मी लहानपणी धागे जोडून द्यायचो. नंतर माग गेला, मी टाइपरायटरवर बसलो. रिटायर झाल्यावर हाताले काही नव्हतं. कणकेत हात घातला तं वाटलं, हे आपलं काम होय. पण घरात भावांले कसं सांगू, की मी केक करतो? अजून नाही सांगितलं."

"आता सांगा."

"सांगतो," ते म्हणाले, पण असे, की मला काही खात्री वाटली नाही.

माझी वेणी पाचव्या खेपेला वेणीसारखी दिसली. कुसुमताईंनी ती बघितली, मान तिरकी केली. मी म्हटलं, खरं सांगा.

"केस धुतल्यावर दिसते तशी हाय," त्या म्हणाल्या. "पण हाय वेणीच."

स्टेशनवर त्यांनी मला पाव, संत्री, आणि सांगलीत मिळणारच नाही अशा समजुतीनं अर्धा किलो कोथिंबीर दिली. पुन्हा मिठी मारली. 'हे' बाजूला ताठ उभे होते, समोर खुर्चीत साहेब बसले असावेत तसे. गाडी हलायला लागली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही. तीन दिवस 'आमचे हे' आणि 'भाऊजी' यांवरच भागलं होतं.

बुटीबोरी मागं पडली तेव्हा फोन वाजला. माधुरीताईंनी केकच्या गटात नवीन माणूस घेतला होता. फोटो सकाळच्या पावाचा, चार पदरांचा, वर तीळ. खाली लिहिलं होतं :

"मी सुदाम. हे म्या केलं."

बाकी काही नाही. ना क्षमस्व, ना अभिनंदन. गटात सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा एकेक करून उमटत गेल्या, पण उत्तर कुणाचंच येईना. बहुतेक प्रत्येकीला वाटत होतं, आधी दुसरीनं लिहावं. मीही वाटच बघत होते.

तेवढ्यात कुसुमताईंचा आवाज आला. मी फोन कानाला लावला.

"अवो बायांनो, काही तरी लिहा नं लवकर. हा माणूस फोन समोर ठेवून बसून राहिला, पापणी लवून नाही राहिला, न् चहा पार थंडा झाला त्याचा."

मी कोथिंबिरीची पिशवी बाजूला ठेवली आणि लिहायला घेतलं.